कोरडं पोहणं

नांदुऱ्याच्या फलाटावर काकूंनी मला बाजूला ओढलं, माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "माह्या गळ्याची शपथ आहे तुले. त्याइले समुद्रात उतरू देजो नको."

आमच्या शाळेतल्या शिक्षकांची सहल दिवाळीच्या सुट्टीत गोकर्णला निघाली होती. म्हणजे अशा गावाला, जिथे देवळातून बाहेर पडलं की समुद्र, चहाला बसलं की समुद्र, आणि हल्ली तर फळ्या काखोटीला मारून लाटांवर उभं राहायला देशोदेशीची मंडळी तिथे येतात. त्या गावात एका माणसाला चार दिवस कोरडं ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी हो म्हटलं. गळ्यावर हात असताना दुसरं काय म्हणणार? काकूंचे गुडघे धरलेले, त्यामुळे त्या येणार नव्हत्या, आणि सरांवर नजर ठेवू शकेल असं त्यांच्या मते स्टाफमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

सर म्हणजे आमच्या शाळेचे पीटीचे सर, काकूंचे यजमान. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग त्याच शाळेत मराठी शिकवायला लागले म्हणून त्यांची सहकारी. स्टाफरूममध्ये ते मला 'मॅडम' म्हणायचे आणि स्टाफरूमचा उंबरठा ओलांडला की 'पोट्टे'. तालुक्यात त्यांची ओळख एकच, पोहणं शिकवणारे सर. गावाबाहेर एका शेतात पायऱ्यांची विहीर आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या विहिरीवर पोरांची जत्रा भरायची. निम्मं गाव त्या विहिरीत पोहायला शिकलं, असं म्हटलं तरी कुणी वाद घालणार नाही. त्यामुळे काकूंची भीती मला लगेच कळली. म्हणजे कळली असं मला वाटलं. निवृत्तीला आलेला माणूस, त्यात पोहण्यात पटाईत, त्यात हट्टी. समोर एवढं पाणी दिसलं तर हा पोहत पोहत अरबस्तान गाठेल आणि तिथल्या पोरांना रांगेत उभं करील.

रांगेचं त्यांना वेडच होतं. शिट्टी कायम खिशात. मुलीच्या साखरपुड्यातसुद्धा. एका लग्नात जेवणाच्या टेबलाशी ढकलाढकली सुरू झाली तेव्हा सरांनी शिट्टी फुंकली आणि "एक हात अंतर" असं ओरडले. नवरदेवाचा मामा, आमदाराचा कुणीतरी नातेवाईक, वाढपी, सगळे एका हाताच्या अंतरावर उभे राहिले. त्यातले बरेचसे त्यांचेच विद्यार्थी होते, त्यांच्या पायांनी परस्पर हुकूम पाळला. पायात बारा महिने पांढरे कॅनव्हासचे बूट, रोज खडूने पांढरे केलेले. पावसाळ्यात पोरं मैदानावर भिजत कबड्डी खेळायची आणि सर व्हरांड्यात उभे राहून पंचगिरी करायचे. चिखलाचा एक शिंतोडा कधी त्या बुटांवर पाहिला नाही. आम्ही म्हणायचो, सरांची शिस्त.

त्यांची पोहणं शिकवायची पद्धत जगावेगळी होती. पहिला आठवडाभर विहीर दिसायचीसुद्धा नाही. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकायच्या, त्यावर पोरांनी पालथं पडायचं, आणि सरांच्या शिट्टीवर हातपाय मारायचे. याला ते 'कोरडं पोहणं' म्हणत. मे महिन्याच्या उन्हात रस्त्याने जाणाऱ्याला दिसायचं की पंचवीस-तीस पोरं फरशीवर पालथी पडून जिवाच्या आकांताने पोहत आहेत आणि कुणीही जागचं हलत नाही. एकदा शेगावला निघालेल्या मंडळींनी जीप थांबवून विचारलं, "काय झालं हो या लेकरायले?" सर म्हणाले, "काही नाही झालं. पोहून राह्यले."

कोरडं पोहणं पक्कं झालं की मगच विहीर. पाठीला रिकामा प्लास्टिकचा डबा, कमरेला दोर, दोराचं टोक सरांच्या हातात. पाण्यात आधीच दोन मोठी पोरं उतरवलेली, पोहण्यात तयार झालेली. ती दोघं हात वर करून "हाव सर" म्हणाल्याशिवाय नवीन पोराला पायरीवरून सोडायचं नाही. सर स्वतः वरच्या पायरीवर. तिथून त्यांचा आवाज विहिरीत असा घुमायचा की बुडायची हिंमतच होत नसे. आमच्या गणिताच्या सरांनी एकदा विचारलं होतं, "तुम्ही कधी उतरत नाही का हो पाण्यात?" त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं असायचं. "मास्तर पाण्यात उतरला का पोट्टं मास्तरच्याच गळ्यात पडते. मंग शिकते काय?" आम्हाला ते फार मोठं तत्त्व वाटायचं. मी स्वतः बीएडच्या परीक्षेत हे वाक्य जरा शुद्ध करून लिहिलं आहे आणि त्याला चांगले मार्क मिळाले आहेत.

मला विहिरीवर पाठवायला बाबा तयार नव्हते. पोरीच्या जातीला काय करायचंय पोहणं, असं त्यांचं म्हणणं. सर घरी आले, बूट न काढता दारातच उभे राहिले आणि बाबांना म्हणाले, "पाणी काय पोरीची जात पाहून बुडवते का हो?" त्या उन्हाळ्यात मी पोहायला शिकले. पहिल्या दिवशी पाण्यातल्या एका दादाच्या मानेला अशी मिठी मारली होती की तो नंतर दोन दिवस मान वाकडी करून फिरत होता. ते आठवलं की अजून हसू येतं.

तर अशा माणसाला गोकर्णात कोरडं ठेवायचं होतं. मी गाडीतच कार्यक्रम आखला, आणि त्यात गोकर्णात पाहण्याजोगं आणि करण्याजोगं जे जे काही होतं ते सगळं घातलं, फक्त समुद्र सोडून. पहिल्या दिवशी गणपती आणि महाबळेश्वराचं दर्शन. देवळापुढचा लाकडी रथ. त्या रथाच्या चाकाशी सरांना तासभर अडकवून ठेवता आलं, कारण एवढा रथ ओढताना रांगा कशा लावत असतील हा विचार त्यांना सोडवेना. दुसऱ्या दिवशी मिर्जनचा किल्ला, कारण किल्ल्यावर लाटा येत नाहीत. संध्याकाळी मिठागरं, कारण तिथे समुद्राचं पाणी असतं पण वाळलेलं असतं. माझ्या या नियोजनाला स्टाफ वैतागला. गणिताचे सर म्हणाले, "मॅडम, समुद्र पाह्याले आलो का मीठ पाह्याले?" मी म्हटलं, आधी मीठ पाहा, म्हणजे समुद्र समजेल. असलं काहीही बोलत होते मी त्या दिवसांत.

आम्ही उतरलो होतो ते घर किनाऱ्याजवळ, नारळीच्या वाडीत. पहिल्याच सकाळी घराची मालकीण घाबरून माझ्याकडे आली. सरांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बादल्या भरलेल्या, तपेली भरलेली, स्वयंपाकघरातून मागून नेलेला हंडा भरलेला, एवढंच काय, पाण्याच्या रिकाम्या बाटल्याही भरून खिडकीत रांगेत उभ्या. एक हात नाही, पण एक वीत अंतर ठेवून. सर पहाटे उठले होते, नळ सोडून पाहिला होता, तर पाणी आलेलं! आमच्याकडे नळाला पाणी आलं की माणूस दुसरं काही करत नाही. तो भरतो. लग्नघरातला माणूसही भरतो. मी मालकिणीला हिंदीत समजावत होते आणि सर मला विचारत होते, "बाईले विचार, आता पुन्हा कवा येईन पाणी?" मालकीण म्हणाली, दिवसभर असतं. सरांना ते पटलं नाही. म्हणाले, "सगळेच असं म्हणतात. मंग एक दिवस बसा बोंबलत." आणि परत जाईपर्यंत त्यांनी ते पाणी सांडू दिलं नाही. मला मात्र बरं वाटत होतं. म्हटलं, बादल्या राखायच्या म्हणून तरी हा माणूस खोलीत थांबेल.

तिसऱ्या दिवशी माझी स्थळं संपली. सकाळी सगळे किनाऱ्यावर गेले. मी सरांना म्हटलं, आपण लांब नारळाखाली बसू, ऊन फार आहे. ते मुकाट्याने बसले. आता मागे वळून पाहिलं तर कळतं की ते जरा जास्तच मुकाट्याने बसले होते. शहाळं घेतलं. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात समोर फळीवाल्यांची शिकवणी सुरू झाली. शिकवणारी एक कोळ्याची पोरगी, विशीतली, उन्हाने रापलेली, आवाज खणखणीत. तिने काय केलं, आठ-दहा जणांच्या फळ्या ओळीने वाळूवर ठेवल्या, पोरांना त्यावर पालथं पाडलं आणि म्हणाली, हात मारा. पाण्यापासून पन्नास पावलं लांब, कोरड्या वाळूवर, ती सगळी माणसं हात मारायला लागली.

सरांच्या हातातलं शहाळं पडलं.

"पोट्टे," ते म्हणाले, "हे तं माहं आहे."

मी त्यांचा सदरा धरायच्या आत ते तिथे पोचले होते. दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून पाहिलं. मग राहवलं नाही. खिशातून शिट्टी निघाली. एका दाढीवाल्या परदेशी माणसाचं कोपर त्यांनी धरून वर केलं, बंगळुरूहून आलेल्या एका पोराचे गुडघे जुळवले आणि "एक दोन, एक दोन" सुरू केलं. आश्चर्य म्हणजे सगळे ऐकायला लागले. हात एका तालात पडायला लागले. ती कोळ्याची पोरगी आधी चकित झाली, मग हसली. तिने मला विचारलं, "ये सर कोच हैं क्या?" मी काही बोलायच्या आत मागून गणिताचे सर अभिमानाने म्हणाले, "अरे, पूरे गांव को तैरना सिखाया है!"

झालं. पोरगी म्हणाली, "तो सर, आइए ना पानी में."

आमचा सगळा स्टाफ टाळ्या वाजवायला लागला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला त्या वेळी वाचता आली नाही. मला वाटलं, ते माझी परवानगी मागत आहेत. मी पुढे होऊन म्हणाले, "सर, नको. काकूंना शब्द दिलाय मी." यावर स्टाफ आणखीच हसला. बायकोच्या धाकात असलेला पोहणारा म्हणून चेष्टा सुरू झाली. सर खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांचे पाय कधी नीट पाहिले नव्हते. पांढरेफटक, गुळगुळीत, लहान मुलाचे असावेत तसे. बूट त्यांनी वाळूवर जोडून ठेवले आणि ते त्या पोरीमागे निघाले.

घोट्याएवढ्या पाण्यात गेले, पोटरीएवढ्या गेले, गुडघ्याएवढ्या गेले. मी साडी खोचून मागोमाग. तोंडाने काकूंचं नाव घेत होते आणि मनात त्या पाण्याला शिव्या देत होते. तिथे फार तर मांडीएवढं पाणी असेल. पोरीने फळी पुढे केली आणि सरांनी हात टेकवला, एवढ्यात एक लाट आली. मोठी नव्हती. आमच्या शाळेतली कुठलीही पोट्टी हसत झेलेल एवढीच. लाट आली, पायाखालची वाळू गेली आणि सर गेले.

मी झेप घेऊन त्यांचा दंड धरला. आणि त्यांनी माझ्या मानेला मिठी मारली.

ती मिठी मला ओळखीची होती. अशी मिठी पोहणारा माणूस मारत नाही, कितीही म्हातारा झाला, कितीही घाबरला तरी. पोहणारा आधी पाय टेकायला बघतो, नाहीतर हात पसरतो. ही पहिल्या दिवसाची मिठी होती. डोळे मिटलेले, बोटं माझ्या पाठीत रुतलेली, आणि मांडीएवढ्या पाण्यात गुडघे पोटाशी घेतलेले. मी त्यांच्या कानात म्हटलं, "सर, पाय सोडा. खाली जमीन आहे." त्यांनी सोडले नाहीत. मग माझ्या तोंडून त्यांचाच आवाज निघाला. "पाय सोड!" मी ओरडले. त्यांनी सोडले. उभे राहिले.

किनाऱ्यावरून गणिताच्या सरांनी विचारलं, "काय झालं हो?"

"वाळू सरकली," सर म्हणाले. नाकातून पाणी गळत होतं.

वाळूवर ओढून ठेवलेल्या एका होडीच्या आडोशाला आम्ही दोघं जाऊन बसलो. बाकीचे लाटांत खेळायला लागले होते, त्यांना कुणाला काही कळलं नव्हतं. सर बराच वेळ पायाची वाळू झाडत बसले.

"समजलं न तुले?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"मले पोहता येत नाही."

मला आधी हायसं वाटलं, कारण माणूस जिवंत होता आणि बोलत होता. मग संताप आला. मी ज्या दिवशी पायरीवरून उडी मारली त्या दिवशी दोराच्या दुसऱ्या टोकाला हा माणूस होता. आई-बाबांनी मला याच्या भरवशावर पाठवलं होतं. मी ते तसंच बोलून दाखवलं.

"तेच तं," ते म्हणाले. "म्हणूनच सांगता येत नव्हतं. आज सांगतलं तं लोक म्हणतीन, आमचे लेकरं या माणसाच्या भरवशावर सोडले होते. खरंच आहे न ते. मले झोप येत नाही पोट्टे, उन्हाळा आला का. एक पोट्टं जरी गेलं असतं तं म्या काय केलं असतं? काठावर उभं राहून शिट्टी वाजवली असती?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचं गाव घाटावर, कोरडं. "तिथं प्याले टँकर ये. हंड्यासाठी भांडणं होत. पोहाले पाणी कुठून आणू?" नोकरीच्या मुलाखतीत हेडमास्तरांनी विचारलं होतं, पोहणं शिकवता येईल का. नोकरी हवी होती, हो म्हणाले. लायब्ररीतून पोहण्याचं पुस्तक आणलं, चित्रं पाहून हातपाय पाठ केले आणि पोरांना व्हरांड्यात पाडलं. वाटलं, कोरड्यावरच भागेल. पण पोरं विहिरीवर चला म्हणून मागे लागली. मग दोर आला, डबा आला, पोहणारी मोठी पोरं आली. "अन् पह्यलं पोट्टं तरलं. म्या पायरीवर उभा, अन् ते खाली तरंगून राह्यलं. मले रडू आलं होतं. त्या दिवशी सांगाले पायजे होतं. पण त्या दिवशी सगळे मलेच खांद्यावर घेऊन नाचले."

ऐकता ऐकता माझा राग कधी गेला कळलं नाही. इतकी पोरं त्या विहिरीत शिकली आणि कुणाला खरचटलंसुद्धा नाही, हे मला आठवायला लागलं. दुसरा कुणी पोहणारा मास्तर असता तर म्हणाला असता, बुडलं तर मी आहे. याला माहीत होतं की बुडलं तर आपण नाही. म्हणून दोर दोनदा ओढून पाहायचा, म्हणून ती दोन पोरं, म्हणून तो आठवडाभराचा व्हरांडा. आम्ही ज्याला शिस्त म्हणत होतो ती भीती होती, आणि त्या भीतीने आम्हा सगळ्यांना तारलं होतं. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

मी काकूंना फोन लावला. म्हटलं, शब्द मोडला काकू, सर पाण्यात पडले, पण सुखरूप आहेत.

"नाकातोंडात पाणी गेलं का?"

"थोडं गेलं."

काकू म्हणाल्या, "मंग तुले माईत झालंच असन."

"हो काकू."

"बरं झालं बाप्पा," काकू म्हणाल्या आणि त्यांनी असा काही श्वास सोडला की मला वाटलं फोनमधून वारा आला. "आजलोक माह्या एकटीच्याच जिवाले घोर होता. आता तू बी आहे."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे निघायच्या दिवशी, स्टाफ नाश्त्याला गेला तेव्हा सरांनी मला बोलावलं. त्या कोळ्याच्या पोरीशी त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिला काय सांगितलं कोण जाणे, पण ती हसत नव्हती. किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, जिथे लाटा मवाळ होत्या, तिथे तिने सरांना कमरेएवढ्या पाण्यात नेलं आणि पाठीखाली दोन्ही हात धरून आडवं केलं. "बॉडी लूज छोडो सर. पानी उठाएगा." सरांचे पाय लाकडासारखे ताठ. एकदा बुडाले, दोनदा बुडाले, खोकले, तिच्या गळ्यात पडले. ती मास्तर असून पाण्यात होती, म्हणून गळ्यात पडायला कुणीतरी होतं. मग कधीतरी तिने हात काढून घेतले. सरांना कळलं नाही. ते तसेच पडून राहिले, पोट वर, डोळे आभाळाकडे, खालून पाणी त्यांना हळूहळू वर खाली करत होतं. मी किनाऱ्यावर उभी होते आणि तोंडावर हात धरून रडत होते. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या पोहण्याचाही झाला नव्हता.

बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "काही करा लागत नाही पोट्टे. म्या उगीचच इतके वर्षं हातपाय शिकवले."

पुढच्या उन्हाळ्यात विहिरीवर त्यांनी एक बदल केला. सगळ्यात आधी पोरांना पाण्यावर नुसतं पडून राहायला शिकवायचं. ते शिकवताना सर खालच्या पायरीवर बसायचे, अनवाणी, पाय पाण्यात सोडून. गावातल्या लोकांना वाटलं, वय झालं, गरम होत असेल.

पण गाडीतलं सांगायचं राहिलंच. परतीच्या गाडीत दुपारची वेळ होती, चिवडा-लाडूचे डबे उघडले होते. गणिताचे सर म्हणाले, "बाकी काही म्हणा, सरांनी एवढ्या लांब येऊन समुद्रात दोन हात मारले नाहीत, हे काही बरोबर नाही."

सरांनी लाडू खाली ठेवला. मी डोळ्यांनी नको म्हणत होते, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. उभे राहिले, वर्गात उभे राहायचे तसे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मले पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं."

डब्यात असा हशा उसळला की पलीकडच्या खणातले लोक वाकून बघायला लागले. गणिताचे सर हसता हसता खोकले, त्यांच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. सर म्हणाले, "खरं सांगून राह्यलो. तुमच्या लेकरायची शपथ." हशा दुप्पट झाला. इतिहासाच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "सर म्हणजे ना, चेहऱ्यावरची सुरकुती हलू देत नाहीत."

सर खाली बसले. जरा वेळ गोंधळून सगळ्यांकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळले. "म्या सांगतलं. सगळ्यायच्या समोर सांगतलं. तू आहे साक्षीले." मी मान डोलावली. "आता नाही पटत तं त्याइची मर्जी," असं म्हणून त्यांनी उरलेला लाडू तोंडात टाकला, बूट काढून सीटखाली सारले आणि खिडकीला डोकं टेकवून भर दुपारी घोरायला लागले.

मी दाराशी जाऊन काकूंना फोन केला. म्हटलं, काकू, सरांनी सगळ्यांना सांगून टाकलं.

"मंग? काय म्हणे लोकं?"

"हसले. कुणालाच खरं वाटलं नाही."

काकूही हसायला लागल्या. खूप वेळ हसल्या. "मले तरी कुठी वाटलं होतं?" त्या म्हणाल्या. "मले पाह्याले आले होते तवा पह्यलं हेच सांगतलं त्याइनं. पोहे घ्याच्या बी आधी. म्हणे, मी पोहणं शिकवतो पण मले पोहता येत नाही, नंतर म्हणसान फसवलं. म्या म्हटलं, किती मजाकी माणूस आहे. अन् लगेच हाव म्हटलं."